रिपीट ऑर्डर ५२ वरून ३८ टक्क्यांवर आल्या, तरी नोकरी सोडून पुण्यात दुकान टाकू का?

प्रश्न : ताई, मी सोलापूरचा, वय ४४, टॉवेलच्या कारखान्यात १९ वर्षं नोकरी, आता सुपरवायझर आहे. बायको ११ वर्षांपासून घरी शेंगाचटणी करून विकते, दोन वर्षं झाली पुण्यालाही पाठवतो. महिन्याला ३०० पाकिटं जातात, पाव किलोचं पाकीट १२० रुपयाला, सगळा खर्च वजा जाता पाकिटामागे ४५ सुटतात. जानेवारीत पुण्यात तीन दिवस स्टॉल लावला तर सगळा माल संपला, तेव्हापासून डोक्यात आहे की नोकरी सोडावी आणि तिकडे दुकान टाकावं. गाळा बघितलाय, भाडं २२ हजार. पण वहीत बघितलं तर रिपीट कस्टमर गेल्या वर्षी ५२ टक्के होते ते यंदा ३८ झालेत, फोटो पाठवतोय. ओळखीच्या ३० जणांना विचारलं, एकाचीही तक्रार नाही. मेहुणा म्हणतो धंदा विशी-पंचविशीत करायचा असतो, तुमचं वय गेलं. भाचा म्हणतो ९० टक्के धंदे पहिल्याच वर्षी बुडतात, त्यापेक्षा पीएफचे सहा लाख शेअर बाजारात ऑप्शनमध्ये लावा, त्याच्या मित्राने एका महिन्यात ४० हजार काढले. अजून एक, मदतीला मावशी येतात, त्यांना ओरडलं की काम सुधारतं आणि कौतुक केलं की बिघडतं, मग उद्या माणसं वाढली तर कसं सांभाळायचं? काय करू?

उत्तर : दादा, नमस्कार. तुम्ही वही ठेवता हे वाचूनच बरं वाटलं, घरगुती धंद्यात बहुतेकांचा हिशोब डोक्यात असतो आणि डोक्यातला हिशोब दिवाळीच्या महिन्यापलीकडे काही लक्षात ठेवत नाही. फोटो मोठा करून सगळी पानं वाचली. तुमच्या पत्रात ५२, ३८, ९०, ४०, ३० असे बरेच आकडे आलेत आणि प्रत्येक आकड्याने तुम्हाला वेगळ्या दिशेला ओढलंय, एक म्हणतो सोड नोकरी, दुसरा म्हणतो वय गेलं, तिसरा म्हणतो शेअर बाजारात जा. मी प्रत्येक आकड्याला एकच प्रश्न विचारणार आहे, की यात कोणाला मोजलंच नाही.

सुरुवात वहीपासूनच करू कारण सगळ्यात जास्त माल तिथेच आहे.

तुम्ही ५२ आणि ३८ हे सोलापूर-पुणे एकत्र धरून काढलेत. वहीत दोन याद्या वेगळ्या आहेत त्या वेगळ्याच ठेवून बघा. गेल्या वर्षी सोलापूरचे ८० कस्टमर, त्यातले ४८ परत आले म्हणजे ६० टक्के. पुण्याचे २० होते, ४ परत आले, २० टक्के. यंदा सोलापूरचे ४०, परत आले २६, म्हणजे ६५ टक्के. पुण्याचे ८०, परत आले २०, म्हणजे २५ टक्के. बघा आता, सोलापुरात टक्का वाढला, पुण्यात पण वाढला, आणि दोन्ही एकत्र केले की ५२ चे ३८ झाले. हिशोब चुकलेला नाही, झालंय एवढंच की पुण्याचे लोक मुळातच कमी परततात आणि यंदा तुमच्या यादीत पुण्याचे लोक चौपट झालेत, सोलापूरचे निम्मे, त्यामुळे एकत्र टक्का खाली ओढला गेला.

हा प्रकार मोठमोठ्या ठिकाणी झालाय. अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात १९७३ मध्ये पदव्युत्तर प्रवेशाचे आकडे बघितले तर अर्ज केलेल्या पुरुषांपैकी ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला होता आणि बायकांपैकी ३५ टक्क्यांना, मग साहजिकच बायकांवर अन्याय होतोय का अशी शंका आली. विभागवार मोजलं तेव्हा चित्र पालटलं, बहुतेक विभागांत तसा अन्याय दिसेना, उलट काही ठिकाणी बायकांचं प्रमाण थोडं बरंच होतं. कारण काय तर जिथे सगळ्यांनाच प्रवेश मिळणं अवघड अशा विभागांत बायकांचे अर्ज जास्त होते. १९७५ मध्ये तिथल्या तीन जणांनी हे सगळं नीट मांडून छापलं आणि तेव्हापासून संख्याशास्त्र शिकवताना हे उदाहरण देतात. तेव्हा एकत्र टक्का बघून धंदा बसतोय असं समजू नका, निदान त्या आकड्यावरून तरी नाही.

पण दादा, लगेच खूष पण होऊ नका. पुण्याचे २० टक्क्यांवरून २५ झाले याला मी सुधारणा म्हणणार नाही, गेल्या वर्षी तिथे २० च माणसं होती, एक माणूस इकडचा तिकडे झाला की ५ टक्के हलतात. एवढ्या लहान यादीवर टक्के काढायचेच नाहीत, सरळ माणसं मोजायची, ४ होती आता २० आहेत.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट टक्क्यात आलीच नाहीये. सोलापूरचे ८० कस्टमर होते त्यांचे ४० राहिले. गेल्या वर्षी नुसते परत आलेलेच ४८ होते, यंदा सगळे मिळून ४० आहेत! म्हणजे जुने, वहिनींच्या हाताची चव ओळखणारे, वर्षानुवर्षं घेणारे लोक कमी झालेत आणि ते टक्क्यात दिसत नाहीत कारण त्यांचं नावच यंदाच्या पानावर नाही. कुठे गेले ते? माझा अंदाज, माल पुण्याच्या ट्रॅव्हल्सवर चढायला लागला आणि इथल्यांना 'पुढच्या आठवड्यात देतो' हे उत्तर मिळायला लागलं, दोनदा असं झालं की माणूस दुसरीकडून घेतो आणि तुम्हाला काही सांगायला येत नाही. अंदाजच आहे, पण फोन करून खात्री करता येईल, त्याचं खाली सांगते.

इथे मला अब्राहम वाल्डची गोष्ट सांगायचीच आहे. दुसऱ्या महायुद्धात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात संख्याशास्त्रज्ञांचा एक गट सैन्यासाठी काम करायचा, त्यात हा वाल्ड होता, ज्यू होता, नाझी आल्यावर १९३८ मध्ये ऑस्ट्रिया सोडून अमेरिकेत आलेला. प्रश्न असा होता की लढाईवरून परत आलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं कुठे जास्त कुठे कमी, आणि जाड पत्रा लावायचा तर कुठे, कारण सगळीकडे लावला तर विमान जड होतं. कुणालाही पटकन वाटेल की जिथे भोकं जास्त तिथे पत्रा लावा. वाल्डने विचार केला तो परत न आलेल्या विमानांचा. समोर उभी असलेली विमानं तर भोकं पडूनसुद्धा घरी आलेली, म्हणजे तिथे गोळी लागली तरी विमान उडत राहतं, आणि इंजिनावर भोकं कमी दिसतात कारण इंजिनावर गोळी लागलेली विमानं परतलीच नाहीत. पत्रा तिथे लावायचा जिथे भोकं दिसत नाहीत. १९४३ मध्ये त्याने यावर सविस्तर टिपणं लिहिली, वाचलेल्या विमानांवरून न वाचलेल्यांचा अंदाज कसा बांधायचा त्याचं गणित आहे त्यात. हाच वाल्ड पुढे व्याख्यानं द्यायला भारतात आला होता आणि डिसेंबर १९५० मध्ये निलगिरीच्या डोंगरात विमान अपघातात बायकोसकट गेला, जेमतेम ४८ वर्षांचा होता. हे आठवलं की दरवेळी हळहळ वाटते.

तर तुमच्या ३० जणांकडे या नजरेने बघा. ओळखीचे, अजूनही माल घेणारे, समोर उभं राहून विचारलेलं. ही परत आलेली विमानं आहेत. आणि ते अगदी खरं बोलले असं धरलं तरी एक गणित आहे जे मला फार उपयोगी वाटतं, ३० पैकी एकालाही त्रास नाही याचा अर्थ शून्य टक्के लोकांना त्रास असा होत नाही, ३ भागिले ३० करायचं, म्हणजे खरं प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असू शकतं आणि तरी तुम्हाला ३० जणांत एकही सापडला नाही असं होऊ शकतं. डॉक्टर लोक औषधाचे दुष्परिणाम तपासताना हाच ठोकताळा वापरतात. ३०० पाकिटांत १० टक्के म्हणजे ३० पाकिटं, महिन्याला.

मला शंका कशाची आहे ते पण सांगते. शेंगाचटणी ताजी असते तेव्हा कांडताना सुटलेलं तेल तिच्यात असतं आणि तिची मजा त्या तेलातच आहे, पण तेच तेल साध्या प्लॅस्टिकच्या पाकिटात, उन्हात तापलेल्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत, मग पुण्यात कुणाच्या तरी बाल्कनीत दोन दिवस पडून राहिलं की खवट व्हायला लागतं. सोलापूरचा कस्टमर पाकीट आणतो आणि आठ दिवसांत संपवतो. पुण्यात दोन माणसांचं घर असतं, पाकीट महिनाभर पुरवतात, शेवटच्या आठवड्यात खवट लागतं आणि मग ते पुन्हा मागवत नाहीत, १२० रुपयांसाठी कोण तक्रार करत बसतं. असंच झालं असेल असं मी म्हणत नाही, पण पुण्याच्या ८० पैकी ६० जण परतले नाहीत याचं काहीतरी कारण आहे आणि ते कारण त्या ६० जणांकडेच आहे.

आता पैशाचा हिशोब, आणि इथे जरा स्पष्ट बोलते, राग मानू नका. पाकिटामागे ४५ सुटतात असं तुम्ही लिहिलंय आणि खर्चाच्या पानावर शेंगदाणे, तिखट, लसूण, जिरं, मीठ, पाकिटं, गॅस, कांडप, ट्रॅव्हल्सचं पार्सल, पुण्यात माल विकून देणाऱ्या ताईंचं पाकिटामागे २० रुपये कमिशन, मावशींचा पगार, सगळं आहे. वहिनींची मजुरी कुठे आहे? पूर्ण पानावर नाही. वहीत तुम्हीच लिहिलंय की त्या रोज सहा तास यात असतात आणि महिन्याचे २५ दिवस काम चालतं, म्हणजे १५० तास. तासाला ६० रुपये धरा, फार नाहीत, ९ हजार झाले, ३०० पाकिटांवर वाटले तर पाकिटामागे ३० रुपये. म्हणजे ४५ नाही, १५ सुटतात.

बरेच घरगुती धंदे याच कारणाने 'फायद्यात' दिसतात आणि मोठे करायला गेलं की अचानक तोट्यात जातात, कारण मोठं करताना घरातल्या बाईच्या जागी पगारी माणूस ठेवावा लागतो आणि आजवर शून्य रुपये लिहिलेला खर्च एकदम खरा होतो. देशभराच्या आकड्यातही हेच आहे, घरात जे रांधणं-वाढणं, म्हाताऱ्यांचं आणि पोरांचं करणं चालतं ते जीडीपीत मोजलं जात नाही. पण सरकार काय मोजतं ते आपल्या हातात नाही, तुमची वही तुमच्या हातात आहे.

आता त्या १५ रुपयांवर गाळ्याचं गणित करू. दुकानात विकलं तर ताईंचं कमिशन वाचेल, मजुरी धरून पाकिटामागे ३५ सुटतील. भाडं २२ हजार, बसायला एक माणूस ठेवला तर कमीत कमी १२ हजार धरू, झाले ३४ हजार, लाईटबिल डिपॉझिट सोडूनच दिलं. ३४ हजार भागिले ३५ केलं की ९७० च्या वर पाकिटं येतात, महिन्याला, आणि तेवढी विकल्यावर हातात शून्य. तुमच्या पगाराएवढं सुटायला अजून किती लागतील ते तुम्हीच काढा. आणि ३०० पाकिटांना वहिनींचे १५० तास लागतात तर ९७० ना ४८५ तास, एकही सुट्टी न घेता रोजचे १६ तास. माणसाला हे जमणार नाही. हे भाड्याच्या करारावर सही करायच्या आधी दिसलं ते चांगलं झालं.

तुम्ही म्हणाल स्टॉलवर तर तीन दिवसांत सगळं संपलं! हो, पण तीन दिवस म्हणजे फार छोटा नमुना आहे दादा, आणि छोट्या नमुन्यात काहीही दिसू शकतं, खूप चांगलं पण आणि खूप वाईट पण. अमेरिकेत मूत्रपिंडाच्या कॅन्सरचे जिल्हावार आकडे काढले तेव्हा सगळ्यात कमी प्रमाण कुठे निघालं तर छोट्या, ग्रामीण, विरळ वस्तीच्या जिल्ह्यांत. वाचणारा लगेच म्हणेल, गावाकडची स्वच्छ हवा, ताजं अन्न. मग सगळ्यात जास्त प्रमाण कुठे, तर तेही छोट्या, ग्रामीण, विरळ वस्तीच्या जिल्ह्यांतच! कारण हवा-पाण्याचं नव्हतं. माणसंच कमी असली की एक-दोन रुग्णांनी सुद्धा प्रमाण आभाळाला टेकतं नाहीतर शून्यावर येतं. तुमचे तीन दिवस तसे आहेत, त्यात भरीला जानेवारी, भोगी-संक्रांतीचे दिवस, बाजरीची भाकरी घरोघरी, लोक प्रदर्शनात पिशव्या भरायलाच आलेले. त्या तीन दिवसांच्या विक्रीला १० ने गुणून महिना काढू नका. पाऊस लागलेला असताना जुलैमध्ये एकदा आणि सणवार नसलेल्या एखाद्या साध्या आठवड्यात एकदा, असे अजून दोन-तीन स्टॉल लावा, मग कळेल.

मेहुण्यांना माझा नमस्कार सांगा आणि हे पण सांगा की वयाचा मुद्दा आकड्यात टिकत नाही. अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या नोंदींवरून काही अर्थतज्ज्ञांनी २७ लाख संस्थापकांचा अभ्यास केला, कर्मचारी ठेवणाऱ्या कंपन्यांचे संस्थापक, आणि त्यातल्या सगळ्यात वेगाने वाढलेल्या, हजारात एक अशा कंपन्या बघितल्या तर त्या सुरू करताना संस्थापकाचं सरासरी वय ४५ निघालं. पन्नास वर्षांच्या माणसाची शक्यता तीस वर्षांच्यापेक्षा जवळपास पावणेदोन ते दुप्पट होती. आपल्याला विशीतली पोरं दिसतात कारण मासिकाच्या कव्हरवर तीच असतात, आणि ज्या विशीतल्या पोरांनी कॉलेज सोडून कंपनी काढली आणि दोन वर्षांत गुपचूप नोकरी शोधली त्यांची मुलाखत कोण घेणार. त्याच अभ्यासात अजून एक होतं की ज्याला त्याच क्षेत्रातला आधीचा अनुभव आहे त्याची मोठं यश मिळायची शक्यता बरीच जास्त होती. अमेरिकेचं जसंच्या तसं सोलापूरला लागू होतं असं नाही, पण अनुभव लागतो हे तर आपल्याकडेही कुणी नाकारणार नाही ना. तर दादा, तुमचा १९ वर्षांचा अनुभव टॉवेलचा आहे. चटणीचा ११ वर्षांचा अनुभव वहिनींचा आहे. तुमच्या पूर्ण पत्रात दुकान टाकू का, नोकरी सोडू का हे सगळं 'मी' म्हणून आहे आणि वहिनींचं मत काय हे एका ओळीत पण नाही. हा धंदा त्यांचा आहे, त्यांना पुण्यात यायचंय का, एवढं वाढवायचंय का, हे आधी त्यांना विचारा आणि उत्तर येईपर्यंत मधे बोलू नका.

भाच्याचं ९० टक्क्यांचं. अमेरिकेत सरकारी कामगार खातं याची नीट नोंद ठेवतं, त्यांच्या आकड्यांत पहिल्या वर्षात साधारण २० टक्के धंदे बंद होतात आणि पाच वर्षांत साधारण निम्मे. ९० नाहीत. आणि बंद झालेले सगळे बुडालेले असं पण नसतं, कुणी विकून टाकतं, कुणी थकून थांबतं. आपल्याकडे तर घरातून चालणाऱ्या कित्येक धंद्यांची सुरू झाल्याचीच नोंद नसते, मग बंद झाल्याची कुठून येणार, तेव्हा ९० टक्के म्हणणाऱ्याला एवढंच विचारा की मोजलं कुणी.

ऑप्शनचं मात्र आपल्याकडे पक्कं मोजलेलं आहे आणि हे मी अगदी कळकळीने सांगतेय. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अहवाल काढला, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये व्यवहार करणारे एक कोटीहून जास्त सर्वसामान्य लोक, त्यातल्या ९३ टक्क्यांना तोटा झाला. खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख. सगळ्यांचा मिळून १ लाख ८० हजार कोटींच्या वर. आणि सगळा खर्च वजा जाता १ लाखाच्या वर फायदा किती जणांना झाला, तर शंभरातल्या एकाला. भाच्याचा मित्र खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही, एका महिन्यात ४० हजार मिळालेही असतील. पण ज्या महिन्यात मिळाले त्या महिन्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर येतो, गेलेल्या महिन्याचा येत नाही, आणि ज्याचे सहा लाख गेले तो ग्रुप सोडून गेलेला असतो. वर टक्क्यांचा अजून एक फटका आहे, सहा लाखाचे तीन झाले म्हणजे ५० टक्के गेले, पण तीनाचे परत सहा करायला ५० टक्के वाढून भागत नाही, १०० टक्के वाढावं लागतं. पीएफला हात लावू नका. पोरांना, भाच्याला, सगळ्यांना एकदाच शांतपणे सांगून टाका की ते पैसे या चर्चेत नाहीत.

राहिल्या मावशी. तुमचं निरीक्षण खरं आहे, ओरडल्यावर काम सुधारतं आणि कौतुकानंतर बिघडतं हे तुम्हाला दिसलंय तसंच होत असणार, पण त्याचं कारण ओरडणं किंवा कौतुक हे नाही. डॅनियल काहनेमन, ज्यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते इस्रायलच्या हवाई दलात प्रशिक्षकांना शिकवत होते, की कौतुकाने माणूस लवकर शिकतो. एक अनुभवी प्रशिक्षक उठला आणि म्हणाला, माझा अनुभव उलटा आहे, उत्तम कसरत केलेल्या पोराचं कौतुक केलं की पुढच्या वेळी तो चुकतो आणि घाण केलेल्याला झापलं की सुधारतो. अगदी तुमचंच वाक्य! काहनेमननी तिथेच जमिनीवर एक खूण केली आणि सगळ्यांना पाठ करून दोन-दोनदा नाणी टाकायला लावली, ज्यांची पहिली जवळ पडली त्यांची दुसरी बहुतेक लांब पडली, ज्यांची पहिली लांब त्यांची दुसरी जवळ, आणि कुणी कुणाला ओरडलं नव्हतं की शाबासकी दिली नव्हती.

माणसाचं रोजचं काम एका सरासरीभोवती वरखाली होत असतं. मावशींचा एखादा दिवस फार वाईट गेला तर पुढचा दिवस आपोआप बरा जातो, तुम्ही ओरडा नाहीतर गप्प बसा. एखादा दिवस फार छान गेला तर पुढचा जरा खालीच येणार. तुम्ही वाईट दिवशीच ओरडता आणि छान दिवशीच कौतुक करता म्हणून तुम्हाला असा धडा मिळतो की ओरडणं चालतं, आणि अशाने हळूहळू माणूस कायमचा ओरडणारा होऊन बसतो, घरात पण. मोजायचे राहून गेले ते मधले साधे दिवस, ज्या दिवशी तुम्ही काहीच बोलला नाहीत. महिनाभर रोज फक्त एवढं लिहा की किती पाकिटं भरली आणि किती पुन्हा भरावी लागली, काही बोलू नका. मग बघा काम किती वरखाली होतं. मला तर वाटतं मावशी आहेत तशा चांगल्या आहेत, लांब उभं राहून झापायची गरज नाही, लसूण सोलायला यंत्र घेऊन दिलंत तर जास्त फरक पडेल.

तर आता करायचं काय. नोकरी चालू ठेवा, गाळ्याला नाही सांगा. दिवाळीपर्यंत पुण्याचे नवीन कस्टमर वाढवणं थांबवा, आहेत त्यांना माल द्या, पण सोलापूरच्या ऑर्डर आधी पुऱ्या करा. पाकिटाची किंमत १२० ची १३५ करून बघा, १५ रुपयेच वाढले पण तुमचा खरा फायदा दुप्पट होतो, १५ चे ३० होतील. वाढवल्यावर किती जण सुटले ते नावानिशी लिहून ठेवा, १०० पाकिटं कमी खपली तरी मजुरी वजा जाता साडेचार हजारांऐवजी सहा हजार राहतील आणि वहिनींचे ५० तास वाचतील, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एफएसएसएआयचं, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेचं, रजिस्ट्रेशन तुम्ही लिहिलं नाहीये, नसेल तर आधी ते करा, त्याशिवाय कुणाच्या दुकानात माल ठेवताच येणार नाही.

आणि फोन. सोलापूरच्या ज्या जुन्या लोकांनी यंदा घेतलं नाही ते सगळे, आणि पुण्याचे ६०. तुम्ही करू नका, वहिनींनी करावेत, रोज पाच-सहा, संध्याकाळी. 'चटणी कशी वाटली' असं विचारायचंच नाही, सगळे छानच म्हणतील. विचारायचं, 'शेवटचं पाकीट संपलं का, किती दिवस पुरलं, आणि आता कुणाकडून घेता?' तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शब्दाला शब्द लिहून घ्या. ज्याने सांगितलं की अर्धं पाकीट टाकून दिलं त्याला एक पाकीट फुकट पाठवा, त्याने तुमचा महिन्याचा सर्व्हे वाचवला.

सोबत एक प्रयोग घरीच चालू करा. एकाच घाण्यातली सहा पाकिटं घ्या, दोन साध्या प्लॅस्टिकची, दोन जाड, आतून चंदेरी असलेल्या पाऊचची, आणि दोन काचेच्या बरणीत. सहाही माळ्यावर पत्र्याखाली ठेवा, जिथे ऊन तापतं. १५ दिवसांनी प्रत्येकातलं एक उघडा, ४५ दिवसांनी दुसरं. चव घेणाऱ्याला कुठलं कशातलं ते सांगू नका, आणि चव घ्यायला मावशींनाही बसवा, त्यांना खवट सगळ्यात आधी कळेल.